कुत्र्या-मांजरांचा मूतखडा : पोट न उघडता काय काय करता येतं?

सोनोग्राफीच्या कागदावर ‘लघवीच्या पिशवीत खडे’ असं लिहून आलं की घरच्यांच्या मनात दोनच प्रश्न उभे राहतात. ऑपरेशन करावं लागेल का? आणि एवढ्याशा जिवाला ते सोसेल का? त्यात नात्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘माणसांचे खडे लेझरने फोडतात आता, कुत्र्याचं पोट कशाला फाडायचं?’’

या म्हणण्यात तथ्य आहे. शरीराच्या मूळच्या वाटेने आत जाऊन, किंवा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या छेदातून खडा काढायच्या पद्धती पशुवैद्यकातही गेल्या तीसेक वर्षांत चांगल्या रुळल्या आहेत. २०१६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी इंटर्नल मेडिसिन या संस्थेच्या तज्ज्ञांनी कुत्र्या-मांजरांच्या खड्यांबद्दल एकमताने शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांचा गाभा असा : विरघळू शकणारा खडा आधी विरघळवून पाहा. विरघळणारा नसेल आणि त्रास देत असेल, तर कमीत कमी छेद घेऊन काढा. त्रास देत नसेल आणि अडकण्याची शक्यता नसेल, तर लक्ष ठेवून तसाच राहू देणंही चालेल. पोट पूर्ण उघडण्याचा विचार त्यानंतर.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न ‘लेझर आहे का?’ असा विचारू नका. ‘खडा कशाचा असेल?’ असं विचारा. पुढची सगळी वाट या उत्तरावर ठरते.

थांबा, बोका कुंथतोय का?

तुमचा बोका पुन्हा पुन्हा लिटरच्या ट्रेमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये, जाऊन बसत असेल, कण्हत असेल, सारखी मागची जागा चाटत असेल आणि लघवी थेंबभरच होत असेल किंवा होतच नसेल, तर हा लेख इथेच सोडा आणि दवाखाना गाठा. अनेक घरांत याला बद्धकोष्ठ समजून एक दिवस घालवला जातो. तो दिवस फार महागात पडतो. लघवी पूर्ण अडली की रक्तात पोटॅशियम साठत जातं, हृदयाचे ठोके मंदावतात आणि बिघडतात. उपचार न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत बोका दगावतो. घरी पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, तट्ट भरलेली पिशवी फुटू शकते.

बोक्यांनाच हे जास्त का होतं? भाटीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो. बोक्याचा लांब असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. शेवटच्या भागात त्याची आतली रुंदी एक मिलिमीटरहूनही कमी भरते. बरेचदा तिथे खडा नसतोच. चिकट स्राव आणि बारीक स्फटिक मिळून झालेलं बूच असतं, किंवा सुजेमुळे आणि स्नायू आकसल्यामुळे मार्ग आवळलेला असतो. अशा वेळी लेझरचा काही उपयोग नाही. भूल देऊन कॅथेटर, म्हणजे मूत्रमार्गातून बारीक नळी, घालणं, पिशवी मोकळी करणं, सलाईन लावणं आणि पोटॅशियम ताब्यात आणणं, एवढंच तातडीचं काम असतं. पोटॅशियम फार चढलेलं असेल तर ते भूल देण्याआधीच आटोक्यात आणावं लागतं. यातली बरीचशी कामं जवळच्या साध्या दवाखान्यातही होऊ शकतात. मोठ्या शहरातलं मोठं रुग्णालय शोधण्यात तास घालवू नका.

वारंवार अडत असेल तर टोकाचा अरुंद भाग काढून मूत्रमार्ग रुंद जागी बाहेर उघडणारी शस्त्रक्रिया करतात. ती करायची वेळ सगळ्यांवर येत नाही. घरात बंद राहणाऱ्या, वजन वाढलेल्या, केवळ कोरड्या खाण्यावर असलेल्या बोक्यांत हा त्रास जास्त दिसतो आणि त्यामागे अनेकदा ताण असतो : नवं मांजर, नवं घर, सणासुदीचा गोंगाट. मांजरं जितकी, त्याहून एक जास्त लिटर ट्रे, लपायला जागा, उंचावर बसायला फळी आणि दिवसाकाठी थोडा खेळ, ही यादी औषधांच्या चिठ्ठीइतकीच गांभीर्याने घ्या.

खडा तयार कसा होतो?

मूत्रपिंड रक्त गाळून लघवी तयार करतं. प्रत्येक मूत्रपिंडातून एक बारीक मूत्रवाहिनी निघते आणि पिशवीत, म्हणजे मूत्राशयात, उतरते. पिशवीतून बाहेर पडायची एकच वाट आहे, ती म्हणजे मूत्रमार्ग. खडा यांपैकी कुठेही होऊ शकतो, पण कुत्र्या-मांजरांत तो बहुतेक वेळा पिशवीत सापडतो. माणसाचा खडा मूत्रपिंडात जास्त होतो. माणसाचे उपचार जसेच्या तसे प्राण्याला लागू पडत नाहीत, त्याचं हे एक मोठं कारण.

खडीसाखर कशी करतात ते आठवा. साखरेचा दाट पाक, त्यात सोडलेला दोरा आणि न हलवता ठेवलेले दिवस. पाक दाट असेल तरच स्फटिक धरतात आणि धरतात ते दोऱ्यावर. लघवीतही हेच घडतं. पाणी कमी पडलं की क्षार दाटतात, लघवी बराच वेळ पिशवीत राहिली की त्यांना वेळ मिळतो आणि बसायला काही आधार मिळाला की थरावर थर चढतो. पाकात भरपूर पाणी ओतलं तर खडीसाखर होणार नाही. पाण्याचा आग्रह का धरतात, ते यातून कळेल. दोऱ्याकडे आपल्याला पुढे परत यायचं आहे.

सगळे खडे सारखे नसतात

चार प्रकार लक्षात ठेवले तर पुरे. पहिला स्ट्रुवाइट. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा हा खडा अल्कधर्मी लघवीत वाढतो. कुत्र्यांत तो जवळजवळ नेहमी जंतुसंसर्गामुळे होतो. काही जंतू युरियाचं विघटन करून लघवी अल्कधर्मी करतात आणि खड्याला पोषक जागा मिळते. मांजरात मात्र बहुधा संसर्ग नसतानाच होतो. हा खडा विरघळतो.

दुसरा कॅल्शियम ऑक्झलेट. हा कोणत्याही आहाराने, गोळीने किंवा काढ्याने विरघळत नाही. १९८०च्या दशकात मांजरांत बहुतांश खडे स्ट्रुवाइटचे असत. मग त्यावर उपाय म्हणून कंपन्यांनी लघवी आम्लधर्मी करणारं, कमी मॅग्नेशियमचं खाणं आणलं. स्ट्रुवाइट कमी झाले आणि ऑक्झलेट वाढले. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून चालू असलेल्या खडे-तपासणी केंद्राच्या नोंदींत हा बदल स्पष्ट दिसतो. कारण एवढं एकच नसावं, पण एका खड्याला आवरताना दुसऱ्याला वाट मोकळी होऊ शकते, हे त्यातून कळतं.

तिसरा युरेट. डाल्मेशियन जातीत एका जनुकदोषामुळे लघवीत युरिक आम्ल जास्त उतरतं, म्हणून त्यांना हा खडा होतो. १९७३ साली एका अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने डाल्मेशियनचा पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी एकदाच संकर करून पुढच्या पिढ्यांत निर्दोष जनुक आणलं आणि आज त्या वंशातले डाल्मेशियन या त्रासापासून मुक्त असतात. इतर जातींत युरेट खडा सापडला तर यकृताला टाळून जाणारी रक्तवाहिनी जन्मतः आहे का, हे तपासावं लागतं. आपल्याकडे कुत्र्याला लाडाने कलेजी घालतात. युरेटवाल्याला ती बंद.

चौथा सिस्टिन. तो प्रामुख्याने नर कुत्र्यांत दिसतो आणि काही जातींत खच्चीकरणानंतर कमी होतो.

खडा काढण्याआधीच त्याचा प्रकार कसा ओळखायचा? लघवीचा सामू, जंतूंची तपासणी, प्राण्याची जात, वय, नर की मादी आणि एक्स-रे हे सगळं मिळून अंदाज बांधतात. स्ट्रुवाइट आणि ऑक्झलेट एक्स-रेमध्ये दिसतात. युरेट आणि सिस्टिन बरेचदा दिसत नाहीत, त्यांना सोनोग्राफी लागते. म्हणून ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये.

सर्वांत कमी चिरफाड म्हणजे खाणं बदलणं

लेझरच्या चर्चेत ही गोष्ट मागे पडते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्ट्रुवाइटचा अंदाज असेल तर खास तयार केलेल्या आहाराने मांजरातला खडा साधारण दोन ते पाच आठवड्यांत विरघळतो. कुत्र्यात जास्त वेळ लागतो, कधी दोन-तीन महिनेही, आणि सोबत जंतूंवर नेमकं प्रतिजैविक द्यावं लागतं. खडा विरघळत असताना त्याच्या थरांत अडकलेले जंतू बाहेर पडत राहतात. म्हणून औषध मध्येच थांबवलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

अट एकच, पण कडक : त्या काळात दुसरं काही द्यायचं नाही. आजीने दिलेला पोळीचा तुकडा नाही, शेजारच्यांचं बिस्किट नाही. काही आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा. खडा लहान झाला नसेल तर एक तर तो स्ट्रुवाइट नाही, किंवा घरात कुणीतरी गुपचूप खाऊ देतंय.

‘विरघळून लहान झालेला खडा मूत्रमार्गात अडकला तर?’ अशी भीती रास्त आहे, विशेषतः नरांत. पण खडा जसा आहे तसा पिशवीत ठेवला तरी तो धोका असतोच. लघवीकडे लक्ष ठेवायचं आणि कुंथताना दिसला तर लगेच दवाखाना.

‘कुळथाचं पाणी दिलं तर?’ ऑक्झलेट त्याने विरघळत नाही आणि स्ट्रुवाइटला खात्रीचा उपाय हाताशी असताना वेळ का घालवायचा? मेडिकलमधून आणलेलं माणसांचं लघवीच्या जळजळीवरचं पातळ औषध तर मुळीच देऊ नका. अशी बरीच औषधं लघवी अल्कधर्मी करतात आणि स्ट्रुवाइट नेमका त्याच लघवीत वाढतो. वेदनेवर पॅरासिटामॉलही नाही. मांजराला ते विषासारखं आहे, एखादी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

पाण्याच्या जोरावर खडे बाहेर

खडे बारीक असतील तर त्यांना मूळच्याच वाटेने बाहेर काढता येतं. प्राण्याला भूल देतात, कॅथेटरने पिशवीत सलाईन भरतात, मग त्याला पाठ सरळ उभी राहील असं धरतात. खडे खाली पिशवीच्या तोंडाशी जमतात. आता पोटावरून पिशवी सावकाश, सलग दाबली की जोराच्या धारेबरोबर खडे बाहेर पडतात. मिनेसोटा विद्यापीठातले पशुवैद्य डॉ. जोडी लुलिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ही पद्धत मांडली. यात एकही टाका नाही.

मर्यादा आहे ती मापाची. मोठ्या चणीच्या कुत्रीमध्ये चार-पाच मिलिमीटरपर्यंतचा गुळगुळीत खडा निघू शकतो, नर कुत्र्यात त्याहून लहान आणि बोक्यात ही पद्धत सहसा वापरत नाहीत. मूत्रमार्ग आधीच अडलेला असेल तर ती करायचीच नाही, दाबाने पिशवी फाटेल.

नर कुत्र्यात आणखी एक अडचण असते. त्याच्या शिस्नात हाड असतं आणि मूत्रमार्ग त्या हाडाच्या खोबणीतून जातो. खोबण ताणली जात नाही, त्यामुळे खडा नेमका हाडाच्या मागे येऊन अडतो. तेव्हा डॉक्टर उलट बाजूने सलाईनचा जोर देऊन खडा परत पिशवीत ढकलतात. हा उपचार पूर्ण नसतो, पण लघवी मोकळी होते आणि पुढचं शांतपणे ठरवता येतं.

दुर्बीण आणि लेझर

मूत्रमार्गातून घालायची दुर्बीण कुत्री आणि भाटी यांच्यासाठी दोन-तीन मिलिमीटर जाडीची, ताठ असते. नर कुत्र्याचा मार्ग वळणाचा, म्हणून त्याला लवचीक दुर्बीण लागते आणि तीही कुत्रा पुरेसा मोठा असेल तरच आत जाते. दुर्बिणीतून तारेची इवलीशी जाळी सरकवतात, तिच्यात खडा पकडतात आणि बाहेर ओढतात.

जाळीत मावणार नाही असा खडा असेल तर लेझर. वापरतात तो होल्मियम लेझर, माणसांच्या खड्यांसाठीही वापरतात तोच. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे २.१ मायक्रॉन असते आणि ती पाणी लगेच शोषून घेतं. त्यामुळे काचतंतूच्या टोकापासून अर्ध्या मिलिमीटरपलीकडे त्याचा परिणाम जवळजवळ पोचत नाही. टोक खड्याला टेकवलं तर खडा फुटतो आणि थोड्या अंतरावरची पिशवीची भिंत सुरक्षित राहते. ‘लेझरने आतून भाजेल’ या भीतीचं उत्तर या पाण्यात आहे, अर्थात हात सराईत असला पाहिजे.

लेझर सगळ्यांत चांगला चालतो तो मादी कुत्र्यांत, जेव्हा खडे थोडे असतात. पिशवीत वीस-पंचवीस मोठे खडे असतील तर एकेक फोडून, एकेक तुकडा वेचून काढायला तासन् तास लागतात आणि तेवढा वेळ भूल लांबते. तिथे लेझरचा हट्ट प्राण्याच्या हिताचा नाही.

एका छोट्या छेदातून

अशा वेळी एक मधला मार्ग आहे. पिशवीच्या वरच्या टोकाशी पोटावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा छेद घेतात, पिशवीत एक पोकळ नळी बसवतात आणि त्या नळीतून दुर्बीण आणि जाळी आत घालतात. पिशवीचा कोपरान् कोपरा दिसतो, मूत्रमार्गाकडेही आतून पाहता येतं. नर असो की मादी, कुत्रा असो की मांजर, अगदी बोक्यातसुद्धा हे जमतं. अमेरिकेत अशा २७ कुत्र्या-मांजरांचा अनुभव २०११ साली प्रसिद्ध झाला आणि तिथून ही पद्धत पसरली. बरेच रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

मग पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया चुकीची का?

नाही. पशुवैद्यकांनी ती वर्षानुवर्षं उत्तम केली आहे आणि कितीतरी गावांत तोच एक खात्रीचा मार्ग आहे. खूप खडे, फार मोठा खडा, लहान चणीचा नर कुत्रा, शिवाय पिशवीतली गाठ काढायची, अशा वेळी छोट्या छेदातून काम भागणार नसेल तर तीच योग्य. मात्र तिचे दोन कच्चे दुवे माहीत असावेत.

एक म्हणजे मागे राहून गेलेले खडे. रक्त आणि सूज यांच्यात बारीक खडा हाताला लागत नाही, किंवा मूत्रमार्गात दडून बसतो. म्हणून टाके घातल्यावर, प्राणी भुलीत असतानाच, एक एक्स-रे काढायला सांगा. आधी किती खडे मोजले आणि नंतर किती दिसतात, हे त्याच दिवशी कळलं पाहिजे.

दुसरा म्हणजे तो मघाचा दोरा. पिशवी शिवलेला टाका आतल्या बाजूला उघडा राहिला तर त्यावर क्षार धरू शकतात, आणि परत झालेल्या काही खड्यांच्या पोटात खरोखरच टाक्याचा धागा सापडलेला आहे. ज्याला दर दोन-तीन वर्षांनी खडे होतात, त्याची पिशवी प्रत्येक वेळी उघडायची का, हा विचार इथून सुरू होतो.

खडा पिशवीच्या वर अडकला तर

मांजराची मूत्रवाहिनी आतून सुमारे ०.४ मिलिमीटर. त्यात कण अडकला तरी ते मूत्रपिंड फुगतं आणि हळूहळू निकामी होतं. घरी दिसतं ते इतकंच की मांजर खात नाही, ओकतं, कोपऱ्यात बसून राहतं. लघवी दुसऱ्या मूत्रपिंडातून होतच असते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. या जागचे खडे बहुतेक ऑक्झलेटचे, म्हणजे न विरघळणारे. बाहेरून लहरी सोडून खडा फोडण्याची माणसांतली पद्धत कुत्र्यांच्या मूत्रपिंडासाठी काही ठिकाणी वापरतात, पण मांजरात तुकडे उतरायलाच जागा नसते.

त्यावर न्यूयॉर्कच्या अॅनिमल मेडिकल सेंटरमधल्या अॅलिसन बेरेंट आणि चिक वाइस यांनी एक बायपास रुळवला. एक नळी मूत्रपिंडात, एक पिशवीत, आणि दोन्ही त्वचेखालच्या एका छोट्या बटणासारख्या भागाला जोडलेल्या. नळी तुंबू नये म्हणून त्या भागातून सुईने वेळोवेळी धुता येतं. हे बसवायला पोट उघडावं लागतं, तरीही इतक्या बारीक वाहिनीला चीर देऊन शिवण्यापेक्षा यात धोका कमी असतो. कुत्र्यांत मूत्रवाहिनीच्या आत ठेवायची नळी, म्हणजे स्टेंट, अनेकदा पिशवीतूनच दुर्बिणीने सरकवता येते.

तीच दुर्बीण इतरही कामं करते. पिल्लू असल्यापासून कुत्रीची सतत थेंब-थेंब लघवी गळत असेल, तर मूत्रवाहिनी चुकीच्या जागी उघडत असू शकते. ती वाट लेझरने आतूनच दुरुस्त करता येते. कर्करोगाने मूत्रमार्ग दाबला गेला असेल तर स्टेंट बसवून वाट मोकळी करतात. रोग त्याने बरा होत नाही, पण उरलेले दिवस सुसह्य होतात.

‘भूल तर द्यावीच लागते, मग फरक काय?’

भूल यांतल्या जवळजवळ प्रत्येक पद्धतीत लागते, अपवाद फक्त आहाराने विरघळवण्याचा. फरक पडतो तो वेदनेत, बरं होण्याच्या दिवसांत, आणि पुन्हा खडा झाला तर तोच उपचार परत करता येण्यात. खर्चाचं म्हणाल तर दुर्बिणी महाग आणि नाजूक असतात, शिकायला वर्षं जातात, म्हणून ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणीच असते. जिथे नाही तिथे डॉक्टरांवर राग काढू नका. ‘पुण्या-मुंबईला पाठवण्याइतका वेळ आहे का?’ एवढं विचारा. खडा पिशवीत शांत असेल तर बरेचदा असतो. लघवी अडली असेल तर नसतो.

काढून झाल्यावरचं काम

निघालेला खडा फेकू नका, पृथक्करणाला पाठवा. वरून पाहून केलेला अंदाज चुकतो आणि खडा आतून एक, बाहेरून दुसरा असंही निघतं.

मग पाणी. कोरड्या दाण्यांवर पाणी घाला, शक्य तर ओलं खाणं द्या, घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांड्यांत ताजं पाणी ठेवा. मांजर पाणी कमी पितं, त्यामुळे पाणी खाण्यातूनच पोटात जायला हवं. लघवी पुरेशी पातळ झाली का, हे डॉक्टर विशिष्ट गुरुत्वावरून, म्हणजे लघवी पाण्याच्या तुलनेत किती दाट आहे त्यावरून, सांगतात. कुत्र्यात ते १.०२० च्या खाली आणि मांजरात १.०३० च्या खाली असावं, असं धरतात.

आणि खडे एकदा झाले की ठरावीक काळाने एक्स-रे किंवा सोनोग्राफी करत राहा, प्राणी अगदी ठणठणीत दिसत असला तरी. ऑक्झलेट चांगलं खाणं देऊनही परत होतो. पण तो तीन मिलिमीटरचा असताना सापडला, तर कित्येक कुत्र्यांत सलाईनच्या धारेनेच बाहेर काढता येतो.